दुधातून जाणारा आवाज

डेअरीला दूध घालणाऱ्याचा रोजचा प्रश्न एकच: फॅट किती लागली? अनेक संकलन केंद्रांवर हे उत्तर आता अल्ट्रासॉनिक यंत्र देतं. नळी नमुन्यात बुडवायची, बटण दाबायचं, थोड्या वेळात पडद्यावर फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) आणि मिसळलेलं पाणी.

*

बहुतेक द्रव तापवले की त्यांतला आवाजाचा वेग घटतो. पाण्यात तो वाढतो. २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे १४८२ मीटर, ७४ अंशांच्या आसपास सुमारे १५५५, आणि तिथून पुढे उतार. दुधातली फॅट इतर द्रवांच्या चालीने जाते; पाणी आणि त्यात विरघळलेले घटक पाण्याच्या चालीने. त्यामुळे एकाच नमुन्यातला वेग दोन तापमानांना मोजला की फॅटचा वाटा आणि एसएनएफचा वाटा वेगळा काढता येतो. पाण्याच्या या विक्षिप्तपणावर गोठ्याचा हिशेब उभा आहे, याचं मला अजून नवल वाटतं.

*

द्रवातला हा वेग मोजणारा, एमएस्सीच्या प्रयोगशाळेतला इंटरफेरोमीटर. तळाशी २ मेगाहर्ट्झचा क्वार्ट्झ स्फटिक, वर मायक्रोमीटरने सरकणारी धातूची चकती. स्क्रू हळूहळू फिरवत जायचं. दोघांतलं अंतर अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत आलं की मीटरचा काटा उसळतो आणि लगेच पडतो. पाण्यात हे दर ०.३७ मिलिमीटरला घडतं. वीस उसळ्या मोजा, एका उसळीमागचं अंतर काढा, दुपटीला वारंवारतेने गुणा: वेग हातात. घनता माहीत असली तर द्रव किती दाबला जाऊ शकतो तेही कळतं.

जर्नल पूर्ण झालं की हा प्रयोग विसरला जातो. तालुक्याच्या कॉलेजांत तो गाई-म्हशींच्या दुधावर करून घ्यायला हवा. प्रयोगात वापरतात त्या बेंझिनपेक्षा दूध मुलांच्या जास्त जवळचं आहे.

*

बंगळुरू, १९३५. सी. व्ही. रामन आणि नागेंद्र नाथ यांनी द्रवातल्या अल्ट्रासाउंडमुळे प्रकाश कसा वळतो याचा सिद्धान्त मांडला. आवाजामुळे द्रवात दाट-विरळ पट्टे पडतात आणि प्रकाशाला ती जाळी ठरते, म्हणून आवाजाचा वेग प्रकाशानेही मोजता येतो.

*

पण दूध अपारदर्शक, म्हणून प्रकाशाने तपासायचं तर बऱ्याचदा ते पातळ करावं लागतं. आवाजाला घट्ट दूध चालतं, गाळाचं पाणीही चालतं. कणांवरून जाताना तो क्षीण होतो, पण दोन्हीकडे कारण निराळं. मातीचा कण पाण्यापेक्षा जड, तो पाण्याबरोबर तितका हलत नाही, मागे राहतो, आणि त्या घर्षणात ऊर्जा जाते. फॅटच्या गोळ्याची घनता पाण्याच्या जवळची. तिथे मुख्यतः उष्णतेच्या देवाणघेवाणीत ऊर्जा जाते. वारंवारता बदलत नेऊन क्षीणता नोंदली की कणांच्या आकाराचा अंदाज येतो.

*

या मोजणीचा खरा शत्रू म्हणजे हवा. पाण्यात एक टक्का हवेचे बारीक बुडबुडे असतील, तर कमी वारंवारतेच्या आवाजाचा वेग सेकंदाला सव्वाशे मीटरच्या खाली येतो, म्हणजे नुसत्या हवेतल्यापेक्षाही कमी! बुडबुडे दाबले जातात हवेसारखे, वजन मात्र पाण्याचं. अल्ट्रासाउंड तर ते शोषतात आणि विखुरतात. म्हणून नुकत्याच काढलेल्या फेसाळ दुधाचा नमुना घाईने लावू नये. फेस बसू द्यावा आणि मग नमुना हलक्या हाताने, न घुसळता एकजीव करावा. सकाळच्या रांगेत हे होत नाही आणि त्याचा भुर्दंड दूध घालणाऱ्याला पडतो. हे मला मान्य नाही.

*

यंत्राला कळतो तो वेग. टक्के तुलनेने काढलेले असतात. साखर किंवा मीठ विरघळवलं तरी वेग वाढतो, म्हणून भेसळीचा निकाल एकट्या आवाजावर सोपवता येत नाही. गाईचं आणि म्हशीचं कॅलिब्रेशन वेगळं. ते ठरवायला आणि पडताळायला गर्बर पद्धत: सल्फ्युरिक आम्ल, अमाइल अल्कोहोल, सेंट्रिफ्यूज, आणि ६५ अंशांना ब्युटिरोमीटरवर वाचलेला फॅटचा स्तंभ. ही पडताळणी ठरलेल्या दिवशी, दूध घालणाऱ्यांच्या समोर व्हावी आणि दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत.