पायाची साक्ष

"मॅडम, गाडी चालवताना पायात काय घालता?"

सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलेला हा प्रश्न एका मुलीनं कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या गॅरेजात उभं राहून जसाच्या तसा सांगितला. शिरोलीच्या पुलावर मागून ट्रेलर येत असताना तिनं एक्सलेटर तळापर्यंत दाबला आणि तिच्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारनं ऐकलंच नाही. इंजिन चालू, पण रेस नाही. पिवळा दिवा लागलेला. कशीबशी कडेला घेतली, चावी बंद करून पुन्हा फिरवली, तर गाडी काही घडलंच नाही अशी निघाली. सर्व्हिस सेंटरच्या चाचणीतही ती नीटच चालली. म्हणून मग चपलेची चौकशी. म्हणून "पाय नीट पडला नसेल". आणि वर सल्ला, की शंकाच असेल तर पेडल, थ्रॉटल बॉडी आणि लागला तर कंप्युटर, सगळंच बदलून टाकू.

"काका, मी पाय दाबला होता हो," ती म्हणाली. तिच्या आवाजातली ती अजिजी मला ओळखीची होती. "पाय नीट पडला नसेल" हे वाक्यही ओळखीचं होतं. माझ्या डोळ्यांपुढं मामाचा पाय आला. टायरची चप्पल, भेगाळलेली टाच, अंगठ्याचं नख काळं पडलेलं.

मामा ट्रकवर होता. कोल्हापुरातून गूळ भरून रत्नागिरीला उतरायचं आणि येताना जांभ्याचे चिरे घेऊन वर यायचं. मे महिन्याच्या सुट्टीत तो मला बरोबर न्यायचा. अशाच एका फेरीत साखरपा मागं पडलं, आंबा घाटाचा खडा चढ लागला आणि पेडलपासून डिझेल पंपापर्यंत जाणारी सळई मोडली. पेडल खाली फळीला टेकलं ते तिथंच राहिलं. मागं चिऱ्यांचा भार, पुढं वळणं, आणि दिवस कलायला लागलेला. त्या ट्रकचं इंजिन अर्धं केबिनच्या आत असायचं. मामानं वरचं झाकण काढलं, पंपाच्या लिव्हरला पोत्याची सुतळी बांधली आणि तिचं दुसरं टोक माझ्या मुठीत दिलं. क्लीनर लाकडी ठोकळा घेऊन मागच्या चाकाबरोबर चालत निघाला. मामाचे हात स्टेअरिंग आणि गिअरमध्ये अडकलेले. सुतळी धरायला मीच उरलो होतो.

"मी वड म्हटलं की वडायचं, सोड म्हटलं की सोडायचं. मधीच सोडलंस तर गाडी माघारी जाईल बघ."

पहिल्या वळणापर्यंत तो ओरडत होता आणि मी ओढत होतो. झाकण काढलेल्या इंजिनाची धग तोंडावर येत होती. मग माझं लक्ष खाली गेलं. ज्या पेडलाचा इंजिनाशी काही संबंध उरला नव्हता, त्याच्यावर मामाचा उजवा पाय सवयीनं चालतच होता. पायाच्या पुढच्या टोकानं तो ते खाली पडलेलं पेडल रेटायचा, गिअर टाकताना पाय उचलायचा, वळणावर पाव इंच मागं घ्यायचा. तोंडून "वड" निघायच्या आधी अंगठा खाली गेलेला असायचा. मी त्याचं ओरडणं ऐकायचं सोडलं आणि पायाकडे बघून सुतळी ओढायला लागलो. पाय दाबला जाईल तेवढी ओढ, पाय उचलला की सैल. थोड्या वेळानं मामाही गप्प झाला. वर आंब्याला पोचेपर्यंत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

पेडल आणि इंजिन यांच्यात तार किंवा सळई नसलेल्या गाड्या त्यानंतर बऱ्याच वर्षांनी माझ्या हाताखाली आल्या. बीएमडब्ल्यूनं १९८७ साली आपल्या बारा सिलिंडरच्या ७५०मध्ये अशी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था दिली होती. स्पोर्ट्स कारच्या जगात कॉर्व्हेटनं १९९७ साली तार काढून टाकली, तेव्हा तार गेली तर गाडीशी असलेलं पायाचं नातंच गेलं, असं म्हणणारे पुष्कळ होते. मला तसं कधी वाटलं नाही. या पेडलाखालचा सेन्सर पाय बघतो आणि निरोप पाठवतो, कंप्युटर तो वाचतो, आणि इंजिनाशी बसलेली एक छोटी मोटर हवेची झडप तेवढी उघडते. आंबा घाटात मी हेच केलं होतं.

फरक एवढाच, की गाडी बनवणारे एकट्या साक्षीदारावर विसंबत नाहीत. पेडलाखाली एक सोडून दोन सेन्सर असतात. पुष्कळ गाड्यांत दुसऱ्याचा व्होल्टेज पहिल्याच्या निम्मा ठेवलेला असतो. दोघांना पाच व्होल्टची वेगळी वायर, अर्थची वेगळी, निरोपाची वेगळी, अशा सहा वायरी. कंप्युटर क्षणोक्षणी दोघांची जबानी ताडून बघतो. जुळली तर पायाचं ऐकतो. नाही जुळली, तर गाडी भलतीकडे उधळू नये म्हणून झडप जवळजवळ मिटवून ठेवतो आणि दिवा लावतो. त्या मुलीची गाडी पुलावर अशीच अडली असणार, हा माझा पहिला अंदाज. पण अंदाजावर सुटा भाग बदलायचा नाही, हा माझ्या गॅरेजचा नियम आहे.

सर्व्हिस सेंटरनं जुने कोड पुसून टाकले होते. मी आधी मॅट बघितलं, मग ब्रेकचा स्विच. कारण ब्रेक दाबलाय असं कंप्युटरला वाटत राहिलं तरी पुष्कळ गाड्यांत रेस कापली जाते. दोन्ही ठीक होतं. तिला शेजारी बसवून गाडी गोकुळ शिरगावच्या बाजूला काढली आणि मुद्दाम खड्ड्यांतून नेली. थोड्या वेळानं पाय दाबलेला आणि गाडी गप्प. ती टाळी वाजवून म्हणाली, "बघा!" गाडी बंद पडल्यावर एवढी आनंदलेली गिऱ्हाईक मी दुसरी पाहिली नाही.

स्कॅनरवर दोन कोड आले. पी २१२७, म्हणजे दुसऱ्या सेन्सरचा व्होल्टेज नको तितका खाली. आणि पी २१३८, म्हणजे दोघांचा मेळ नाही. गॅरेजात आल्यावर इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली आणि पेडल हातानं सावकाश दाबलं. पहिल्याचा आकडा पाऊण व्होल्टवरून पावणेचारपर्यंत संथ चढला. दुसराही त्याच्या निम्म्यानं शेवटपर्यंत सोबत गेला. इथंच थांबलं, की गाडीत दोष नाही आणि दोष पायाचा, असं म्हणता येतं. मी पेडल अर्ध्यावर धरून ठेवलं आणि दुसऱ्या हातानं वायरींचा झुबका हलवला. दुसरा आकडा शून्याकडे पडला. सोडला की वर. हलवला की खाली. कनेक्टरच्या मागून मीटरची टोकं लावली तेव्हा दिसलं, की सेन्सरला जाणारे पाच व्होल्टच वाटेत गळत होते. पेडल निर्दोष होतं. दोष एका पिनेत होता.

ती पिन मी भिंगाखाली धरली. तांब्याच्या जातीच्या धातूवर कथलाचा पातळ थर असतो. आमच्या घरी पितळेच्या पातेल्यांना होती तीच कल्हई. लहानपणी कल्हईवाला दारात भाता लावायचा, तापल्या भांड्यात नवसागर टाकून कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवायचा, आणि काळवंडलेलं पातेलं आतून चंद्रासारखं व्हायचं. कल्हई उडाली की आई त्यात ताक ठेवायची नाही. या पिनेची कल्हईही उडाली होती. गाडीच्या थरथरीनं पिन आपल्या जोडीदाराशी केसभर घासत राहते, कथलाची काळपट भुकटी होते आणि तीच वीज अडवते. इथं भरीला हिरवा गंजही होता. कार्पेट उचललं तर खाली वाळलेल्या गाळाची पिठासारखी पूड. २०२१च्या जुलैत पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं होतं, तेव्हा ही गाडी कुठल्या तरी तळघरात उभी असणार. विकणाऱ्यानं ते सांगितलं नाही.

इथं अमेरिकेतली एक हकीकत मध्येच घुसते आहे, पण ती सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. २८ ऑगस्ट २००९ रोजी सॅन दिएगोजवळ कॅलिफोर्निया हायवे पोलिसांतला एक अधिकारी, कामावर नसताना, घरच्यांना घेऊन टोयोटाची लेक्सस चालवत होता. गाडी सुसाट सुटली ती आवरली नाही. आतून मदतीसाठी फोन लागलेला असतानाच अपघात झाला आणि चौघंही गेले. भलत्याच मापाच्या मॅटखाली पेडल अडकलं होतं. पुढं टोयोटानं लाखो गाड्या परत बोलावल्या, लोकांचा संशय इलेक्ट्रॉनिक्सवर गेला, आणि सरकारनं तपासाला थेट नासाचे अभियंते बसवले. फेब्रुवारी २०११मध्ये अहवाल आला. गाडी बेलगाम सुटावी असा दोष इलेक्ट्रॉनिक्समध्ये सापडला नाही, आणि पुष्कळ घटनांत चुकीच्या पेडलवर पाय पडला असावा, असा सरकारचा निष्कर्ष निघाला. पण तक्रार आलेल्या एका गाडीचं पेडल उघडलं, तर कथलाच्या थरावर आपोआप उगवलेला, केसाहून बारीक तंतू दोन सेन्सरांना जोडून बसलेला! शुद्ध कथलाला असे तंतू फुटतात; थोडं शिसं मिसळलं की बहुतेक थांबतात. सुरक्षिततेची माहिती लोकांपासून दडवल्याबद्दल २०१४ साली कंपनीनं १२० कोटी डॉलर भरले, तो आणखी वेगळा भाग.

पाय चुकतात, हे मला मान्य आहे. गर्दीत, घाबरल्यावर, वयानं चुकतात. पण तिथं पायावर ठपका ठेवण्याआधी अंतराळात यानं पाठवणाऱ्या माणसांनी पेडल खोलून भिंगाखाली धरलं. माझ्या मामाच्या वेळी मालकानं ट्रकचं झाकणसुद्धा उचललं नाही.

ते सुतळीच्या त्या फेरीनंतरच्या पावसाळ्यात झालं. मी बरोबर नव्हतो. गूळ भरलेली गाडी आंबा घाट उतरत असताना रेस अडकली. पाय उचलला तरी इंजिन ओढतच राहिलं. मामानं दरीची बाजू सोडली आणि गाडी डोंगराला घासत घासत थांबवली. माणसं वाचली. गुळाचे रवे गटारात पडले आणि पावसात विरघळून गेले. मालक म्हणाला, पाय ब्रेकवर ठेवायचा तर एक्सलेटरवर ठेवला, डुलकी लागली असणार. नुकसान पगारातून कापायचं ठरलं. मामानं कुणाशी वाद घातला नाही. "म्या पाय उचलला हुता," एवढंच तो घरी म्हणायचा, आणि तेही जेवताना, ताटाकडे बघून.

क्लीनरनं मात्र पंपाच्या लिव्हरवरची तुटलेली स्प्रिंग आणून मामीच्या हातात दिली होती. पाय उचलल्यावर लिव्हर मागं खेचते ती. मामी घरी ब्लाऊज शिवायची. तिच्या मशीनला विजेची मोटर होती आणि पायाखाली तिचं पेडल. ती स्प्रिंग घेऊन मालकाच्या दारात गेली आणि म्हणाली, "माझा पाय उचलला की सुई थांबती. ह्यांनी पाय उचलला तर गाडी का थांबली न्हाई, ते तुमी बघाया पायजे हुतं." मालकानं स्प्रिंग हातातही घेतली नाही. मामीनं ती मशीनच्या तेलात भिजलेल्या चिंधीत गुंडाळून खणात ठेवली.

आयटीआयला असताना ती मी मागून घेतली. तुटलेल्या तोंडाचा निम्मा भाग काळा होता आणि निम्मा उजळ. काळ्या भागात तेल-धूळ आत मुरलेली, म्हणजे चीर फार आधीपासून पडलेली. उजळ भाग त्या दिवशी तुटला. भिंगातून पाहायला मिनिटभरसुद्धा लागत नाही. मामीला मी ते खिडकीत नेऊन दाखवलं. तिनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "मला ठाव हुतं. पर बरं केलंस."

मामी आता मलकापुरात लेकीकडे असते. नजर अधू झाली तरी पायाला मशीनची सवय गेलेली नाही. बसल्या बसल्या उजवा पाय आपला हलतच असतो. सण असला की मी जातो, आणि बोलता बोलता माझं लक्ष त्या पायाकडे जातं. एखाद्याचा पाय इतका ओळखीचा होणं, हेही एक प्रेमच आहे. मामाच्या चेहऱ्यापेक्षा त्याचा पाय मला आजही स्पष्ट आठवतो.

त्या मुलीच्या गाडीला नव्या पिना बसवल्या, कनेक्टर धुऊन वाळवला, गाळ काढला. मग दोष घडला त्या क्षणाचा वेग, इंजिनाचे फेरे आणि पेडलाचे दोन आकडे कंप्युटरनं टिपून ठेवले होते, ते छापून कागद तिच्या हातात दिला. तिनं मागितला नव्हता. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक चालकाला मी असा कागद देतो. या कामातल्या पोरांना माझं एवढंच मागणं आहे, की गिऱ्हाईक म्हणालं "मी दाबला होता", तर त्याच्या चपलेकडे बघण्याआधी मीटर लावा आणि वायर हलवून बघा.

मालक गेले, ट्रान्सपोर्टही बंद पडली, मामा जाऊनही बरीच वर्षं झाली. पगारातून कापलेले पैसे कुणी परत दिले नाहीत. तरी इथं लिहून ठेवतो: आंबा घाटात त्या दिवशी मामानं पाय उचलला होता.