उन्हात टिकणारे रंग

बेळगावच्या आमच्या कार्यालयात रंग निवडायचं एक टूल आहे. ते कुठे विकत मिळत नाही. पतसंस्था, शाळा, दवाखाने यांच्यासाठी आम्ही ॲप, पावत्या आणि पाट्या तयार करतो, त्यांचे रंग ठरवण्यापुरतं आम्हीच ते बनवलेलं. संस्थेचा मुख्य रंग टाकला की त्याच्यासोबत शोभणारे चार-सहा रंग ते सुचवायचं आणि त्या रंगांवर अक्षर वाचता येईल का, हे एका आकड्यात सांगायचं. ते सुधारायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा माझं सगळं लक्ष त्या आकड्यावर होतं.

हा आकडा म्हणजे कॉन्ट्रास्टचं गुणोत्तर. पांढऱ्यावर काळं असेल तर ते २१ येतं, एकाच रंगावर तोच रंग असेल तर १. वेबच्या सुलभतेच्या जागतिक निकषांप्रमाणे साध्या अक्षराला किमान ४.५ हवं, मोठ्या अक्षराला ३ चालतं. हिशेब रंगाच्या उजेडावर चालतो आणि त्यात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७ टक्के धरतात, कारण आपल्या डोळ्याला हिरवा उजेड सर्वांत जास्त जाणवतो. आमच्या जुन्या टूलमध्ये उजेडाची एक साधी पट्टी होती. तिच्यावर भडक पिवळा आणि भडक निळा दोन्ही ५० वरच दिसायचे. प्रत्यक्षात पांढरं अक्षर त्या निळ्यावर ८.६ देतं आणि पिवळ्यावर १.०७, म्हणजे जवळजवळ अदृश्य. पट्टीवर सारखे दिसणारे हे दोन रंग डोळ्यांना सारखे नसतात, ही गोष्ट टूलला शिकवणं ही पहिली दुरुस्ती.

बेळगावात रंग ठरवताना आकड्याच्याही आधी माणसांची मनं सांभाळावी लागतात. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकीत लाल-पिवळे झेंडे असतात आणि त्याच दिवशी मराठी माणसं काळा दिवस पाळून निषेध फेरी काढतात. पतसंस्थेचे सभासद दोन्हीकडचे. त्यामुळे संचालकांच्या बैठकीत रंगाचा विषय निघाला की कुणाला भगवा हवा असतो, कुणाला तो नको असतो, कुणी लाल-पिवळ्यावर अडून बसतं. या भावना मी लहानपणापासून पाहत आले आहे आणि त्यांना हलकं लेखणं मला जमणार नाही. पण आकडा दोन्ही बाजूंना सारखंच उत्तर देतो. भगव्यावर पांढरं अक्षर २.१ च्या आसपास, पिवळ्यावर लाल ३.७. बारीक अक्षराला दोन्ही अपुरे. झेंडा लांबून ओळखायचा असतो, हप्त्याचा तक्ता जवळून वाचायचा असतो. भगव्यावर काळं अक्षर घेतलं तर मात्र आकडा दहाच्या जवळ जातो. जुनं टूल कुठल्याही गडद दिसणाऱ्या रंगावर पांढरंच अक्षर सुचवायचं. आता ते दोन्ही तपासतं आणि जे जास्त वाचता येईल ते पुढे करतं. संस्थेला आपला भगवाही ठेवता येतो आणि सभासदाला आपली शिल्लकही वाचता येते.

खरा धडा निपाणीत मिळाला. एका पतसंस्थेच्या पिग्मी एजंटांसोबत मी बाजारात फिरायला गेले होते. पिग्मी हा आपल्याकडे रोजचा शब्द आहे. दररोज थोडे पैसे दारात येऊन गोळा करण्याची ही पद्धत सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये कर्नाटकातच सुरू केली. आता एजंटच्या हातात वहीऐवजी मोबाइल असतो. तवंदी घाट उतरून निपाणीत शिरलो तेव्हा ऊन चांगलंच तापलेलं होतं. एजंट दुकानाच्या पायरीवर उभा राहून एका हाताने पडद्यावर सावली धरत होता. "मॅडम, हापिसात झ्याक दिसतंय ओ, हितं काय बी दिसंना," तो म्हणाला. पडद्यावरची करडी अक्षरं निकषाच्या काठावर, ४.५४ ला पास झालेली होती.

असं का होतं, याचं उत्तर सूत्रातच दडलेलं आहे. भागाकार करण्यापूर्वी दोन्ही रंगांच्या उजेडात ०.०५ मिळवतात. खोलीतला जो थोडा उजेड पडद्यावर पडून परत येतो, त्याच्यासाठी ही भर आहे. उन्हात ती कितीतरी जास्त असते. मी अंदाजाने ०.०५ च्या जागी ०.५ घातलं. काळ्या-पांढऱ्याचं २१ थेट ३ वर आलं आणि आमचं पास झालेलं करडं २.२ वर. हा जागतिक निकष नव्हे, आमची आपली घरची कसोटी. पण त्यानंतर टूलमध्ये 'ऊन' नावाचं एक बटण बसलं आणि बाहेर वापरायच्या पडद्यांसाठी आम्ही नेहमीच्या सूत्राने किमान ४.५ ऐवजी ७ धरू लागलो.

त्याच बाजारात दुसरी गोष्ट कळली. यादीत पैसे भरलेल्या खातेदारापुढे हिरवा ठिपका आणि थकलेल्यापुढे लाल ठिपका होता. दुसरा एक एजंट ठिपक्यांकडे न बघता प्रत्येक नाव उघडून पाहत होता. विचारल्यावर आधी संकोचला, मग म्हणाला, "मला ते दोन्ही एकसारखंच दिसत्यात." लाल-हिरव्याचा फरक न कळणं बहुधा जन्मतःच असतं. त्याचा दोष एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे ते पुरुषांत जास्त आढळतं. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. जॉन डाल्टन या रसायनशास्त्रज्ञाने १७९४ मध्ये स्वतःच्याच नजरेबद्दल निबंध वाचून या गोष्टीला वाचा फोडली. इथे तर तंबाखूच्या आणि बिड्यांच्या गावात दारोदार फिरणारा एक माणूस ही गोष्ट कुणालाच न सांगता रोज दुप्पट कष्ट करत होता. मला फार वाईट वाटलं.

जुनं टूल फक्त अक्षर आणि पार्श्वभूमी यांची जोडी तपासायचं. तो हिरवा पांढऱ्यावर ५.१ ला पास, तो लाल ४ ला. ठिपक्याला ३ पुरतात, म्हणून दोन्ही पास. पण त्या दोघांमधलं आपसातलं गुणोत्तर फक्त १.२८ होतं. आता टूल पॅलेटमधल्या प्रत्येक रंगाची प्रत्येकाशी जोडी लावतं, आणि लाल-हिरवा न कळणाऱ्या डोळ्याला ते रंग कसे दिसतील हेही शेजारी दाखवतं. शिवाय अर्थ सांगणारा रंग एकटा ठेवू देत नाही. हिरव्याला बरोबरची खूण आणि लालला 'थकीत' हा शब्द जोडल्याशिवाय पॅलेट जतन होत नाही. या नियमावर कार्यालयात बराच वाद झाला, पडद्यावर गर्दी होते म्हणून. मी हटले नाही.

एक उपयोगाची कल्पना अमेरिकेच्या सरकारी संकेतस्थळांच्या डिझाइन पद्धतीतून घेतली. तिथे प्रत्येक रंगाला पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत ० ते १०० अशी श्रेणी दिलेली असते. दोन रंगांच्या श्रेणीत ५० चा फरक असला की ४.५ नक्की मिळतं, ७० असला की ७. आमच्या पॅलेटमध्येही आता मोरपंखी ७०, अबोली २० असं लिहिलेलं असतं. वजाबाकी येणाऱ्या कुणालाही जोडी जुळवता येते. रंगांची नावं मुद्दाम आपली ठेवली. वडगाव-खासबागच्या यंत्रमागांवरच्या साड्या पाहत वाढलेल्या आमच्या कार्यालयातल्या मुलींना डाळिंबी म्हटलं की नेमका रंग डोळ्यांपुढे येतो.

नमुन्याची अक्षरंही बदलली. जागतिक निकषात मोठ्या अक्षराची व्याख्या १८ पॉइंट, किंवा ठळक असेल तर १४, अशी आहे. चिनी, जपानी, कोरियन लिप्यांसाठी समतुल्य आकाराची तरतूद नोंदवलेली आहे. देवनागरी आणि कन्नडचा तिथे उल्लेख नाही. रोमन अक्षराच्या त्याच आकारात आपलं अक्षर बारीक दिसतं, कारण वर मात्रा आणि खाली उकार यांना जागा द्यावी लागते. फिकट रंगात पहिला बळी जातो रफाराचा आणि 'कर्ज'चं 'कज' होतं. कन्नडमध्ये खाली लटकणारं जोडाक्षर तसंच पुसट होतं. पाट्यांवर हा प्रश्न आणखी वाढतो. कर्नाटकच्या कायद्याने ६० टक्के जागा कन्नडला गेल्यावर उरलेल्यात मराठी आणि इंग्रजी बसवायचं, म्हणजे मराठी अक्षर आधीच लहान. म्हणून आपल्या दोन्ही लिप्यांना टूल 'मोठ्या अक्षरा'ची सवलत देतच नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे आणि सुलभता त्यात हक्क म्हणून लिहिलेली आहे. सीमाभागातल्या पतसंस्थांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या चालकांना माझी एवढीच विनंती आहे. नवं ॲप किंवा पावती मंजूर करण्यापूर्वी तिची एक प्रत काळ्या-पांढऱ्यात छापून बघा आणि मोबाइल भर दुपारी दारात नेऊन एखाद्या वयस्क सभासदाच्या हातात द्या. त्यांना वाचता आलं नाही, तर रंग बदलून मागा. तो बदल करायला आमच्यासारख्यांना फार वेळ लागत नाही.