सामाईक विहीर आणि दोन भाषा

जानेफळच्या शिवारात सामाईक विहीर ही नवलाची गोष्ट नाही. भावकीत जमिनीच्या वाटण्या होतात, विहीर मात्र फोडता येत नाही. मग हिस्से लिहून ठेवतात आणि पाण्याची पाळी लावतात. सी आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषांत एकच ग्लोबल व्हेरिएबल वापरताना माझा अनुभव हाच आहे की, मालकी आणि पाळी ठरल्याशिवाय सामाईकपणा टिकत नाही. वरवर काम सोपे दिसते. सीच्या लायब्ररीत ‘साठा’ नावाचा पूर्णांक ठेवला, की पायथनच्या सीटाइप्स या लायब्ररीतून त्याच जागेला हात घालता येतो. पण पायथनमध्ये ‘साठा = ५’ लिहिले, तर सीच्या आकड्याला धक्काही लागत नाही; नावाची पाटी तेवढी दुसरीकडे लागते. खरा बदल हवा असेल तर ‘साठा.व्हॅल्यू = ५’ असेच लिहावे लागते. प्रकारही जुळावा लागतो. ६४ बिटांच्या लिनक्सवर सीचा इंट ४ बाइटांचा आणि लाँग ८ बाइटांचा असतो. इंटच्या जागी लाँग समजून लिहिले, की शेजारचे ४ बाइट पुसले जातात. हे सरळसरळ बांध कोरणे झाले, आणि इथे मोजणीला कुणी येत नाही.

म्हणून व्हेरिएबल एकाच भाषेच्या मालकीचे असावे आणि दुसरीने ते फंक्शनमार्फत मागावे, असे माझे मत आहे. यावर वेगाचा आक्षेप घेतला जातो, आणि तो खोटा नाही. लाखो आकड्यांची सारणी दर वेळी नकलून देणे परवडत नाही. फोर्ट्रानचे कॉमन ब्लॉक, म्हणजे सामाईक जागा, एफटूपाय हे साधन पायथनला थेट उघडून देते, ते यासाठीच. पण तिथेही जागा सामाईक असली, तरी लिहिण्याचा हक्क एकाकडेच ठेवता येतो. एकट्या आकड्यासाठी तर फंक्शनचा खर्च सहसा जाणवतही नाही. दुसरा आक्षेप असा की, एकच थ्रेड असेल तर भांडण कसले? आज नसेल, पण सीटाइप्स नेहमीच्या पद्धतीने सीचे फंक्शन चालवताना एका वेळी एकाच थ्रेडला चालू देणारे पायथनचे कुलूप सोडते. उद्या दुसरा थ्रेड आला, दोघांनी ४० वाचून दोघांनी ४१ लिहिले, तर एक नोंद कायमची गेली आणि चूक कुठे झाली तेही कळत नाही. सुरुवातीला एकदाच ठरणारे आणि पुढे न बदलणारे मूल्य खुशाल सामाईक ठेवा. बदलणाऱ्या मूल्याची पाळी मात्र पहिली ओळ लिहिण्याआधीच लावा. मोटर सुरू झाल्यावर पाळीचा वाद मिटत नसतो.