तांब्यावरचं काळं रान

पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत शिरलं की माणसांच्या आधी नाद भेटतो. ठोके खाऊन खाऊन तांबं ताठरतं. मग ते मऊ करण्यासाठी भट्टीत जातं. लालबुंद झालेलं भांडं सांडशीत धरून बाहेर काढलं की हवेत येताच त्याचा रंग पालटू लागतो. आधी निखाऱ्याचा, मग पिकल्या जांभळाचा, आणि शेवटी रात्रीसारखा काळा. आपण म्हणतो, तांबं काळं पडलं. मला वाटतं, तांब्याने श्वास घेतला.

हा काळा रंग कॉपर ऑक्साइडचा. त्याच्या खाली, धातूला बिलगून, लाल ऑक्साइडची साय असते. तांब्याचे कण तळातून वर सरकतात, हवेतला ऑक्सिजन त्यांना वर भेटतो. तांब्याचा स्वच्छ पत्रा साध्या हवेत 400 ते 700 अंश सेल्सिअसला काही तास तापवला, तर त्या काळ्या थरावर अक्षरशः गवत उगवतं. ही सोपी रीत संशोधकांनी 2002 साली मांडली. थर वाढताना आत दाटलेला ताण कोंबासारखा वर फुटतो, असं त्याचं कारण सांगतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पत्रा दिसतच नाही, दिसतं ते कुसळांनी भरलेलं माळरान. एकेक पातं 30 ते 100 नॅनोमीटर जाड, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण हजारावा भाग. बी नाही, पाऊस नाही. धग आणि वारा, एवढ्यावर हे रान उभं राहतं.

निसर्गाला ही विद्या जुनी आहे. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या धुमसत्या भेगांच्या काठावर हाच काळा ऑक्साइड पातळ, चकाकत्या पापुद्र्यांनी जमतो. त्या खनिजाचं नाव टेनोराइट, नेपल्सच्या मिकेले तेनोरे या वनस्पतिशास्त्रज्ञावरून ठेवलेलं. दगडाला झाडांच्या अभ्यासकाचं नाव मिळावं, हा योग मला फार सुंदर वाटतो.

या पात्यांचं सामर्थ्य त्यांच्या बारीकपणात आहे. अंग इवलंसं, पण हवेला उघडी बाजू अफाट. कॉपर ऑक्साइड अर्धवाहक असल्याने पात्याला एखादा वायू नुसता स्पर्शला तरी त्यातून वाहणाऱ्या विजेचा मार्ग सोपा किंवा अवघड होतो. गटारात उतरलेल्या माणसाचा जीव घेणारा हायड्रोजन सल्फाइड असा ओळखता येतो. सूर्याचा प्रकाश या काळ्या रानात शिरला की पात्यापात्यांवर आदळत आतच अडकतो आणि ऊब होतो. लिथियम बॅटरीत एक ग्रॅम कॉपर ऑक्साइड तत्त्वतः 674 मिलिअँपिअर-तास विद्युतभार साठवू शकतो, ग्रॅफाइट 372. मात्र भार घेताना तो फुगतो, सोडताना आकसतो. जाड कण त्यात तडकून जातो, बारीक पाती ते बरंच सोसतात.

आणि रोगजंतू? कॉपर ऑक्साइडच्या बारीक कणांतून सुटणारे तांब्याचे आयन जिवाणूची भिंत फोडतात. पण तांब्याला आपला आणि परका कळत नाही. हेच कण ओढ्यात उतरले तर शेवाळ आणि पाण्यातले चिमुकले जीवही मरतात. ज्या गुणाने जखम राखायची, त्याच गुणाने डोह उजाड होऊ शकतो. म्हणून प्रयोगशाळेतलं हे रान पाण्यापासून दूर राखणं, हीच त्याच्यावरची खरी भक्ती.

तुमच्या घरात एखादा जुना बंब असेल, तर चिंच आणि मीठ हातात घेण्याआधी घटकाभर त्याच्या काळ्या अंगाकडे नीट पाहा. मग खुशाल घासा. चिंचेचं आम्ल तो ऑक्साइड विरघळवेल, तांबं उजळेल. आणि पुन्हा जाळ लागला की ते पुन्हा श्वास घेऊ लागेल.