दुष्परिणाम सांगणे हा उपकार नव्हे, आपला हक्क आहे

मुलाची मान एका बाजूला वळली, डोळे वर चढले, जीभ जड झाली की वस्तीत निदान लगेच होते: "बाहेरचं आहे." आम्ही कार्यकर्ते अशा घरी गेलो की आधी विचारतो, पोराला कोणत्या गोळ्या चालू आहेत? कारण हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन यांसारख्या मनोविकारावरील औषधांनी स्नायू असे आखडू शकतात. औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या काही दिवसांत हे घडते. किशोरवयीन मुलांना धोका मोठ्यांपेक्षा जास्त असतो. दवाखान्यातल्या इंजेक्शनने ते बहुधा अर्ध्या तासात उतरते. भगताच्या अंगाऱ्याने नाही.

काही परिणाम तर घरात बोललेही जात नाहीत. रिस्पेरिडोनमुळे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते. त्यातून क्वचित मुलाची छाती वाढते, मुलीची पाळी थांबते, स्तनांतून दूध येते. मुलगा शाळेत जायला लाजतो. मुलीच्या चारित्र्यावर बोट ठेवले जाते. त्याहून दुर्मीळ म्हणजे जोराचा ताप, लाकडासारखे ताठ अंग आणि हरपत जाणारी शुद्ध. हे एकत्र दिसले तर तडक मोठे रुग्णालय गाठायचे. उशीर जिवावर बेततो.

मग औषधे फेकून द्यायची का? मुळीच नाही. गोळी मनाने बंद केली तर आजार उलटू शकतो. आमचा विरोध औषधाला नाही, न सांगण्याला आहे. एका रुग्णालयात आम्ही एका आईसोबत दुष्परिणाम विचारले. उत्तर मिळाले, "तुम्हाला सांगून काय कळणार?" हे वाक्य आपल्या समाजाला नवे नाही. ज्ञान कोणाला द्यायचे हे ठरवणारी ही जुनीच मनुवादी सवय आहे. आता तिच्या अंगावर पांढरा कोट आहे एवढेच.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चे कलम २२ सांगते की, आजाराचे स्वरूप, उपचार आणि त्यांचे ज्ञात दुष्परिणाम समजेल अशा भाषेत जाणून घेणे हा रुग्णाचा व त्याच्या प्रतिनिधीचा हक्क आहे. अल्पवयीन मुलासाठी हा प्रतिनिधी सहसा पालकच असतो. आणि दुष्परिणाम दिसला तर १८००-१८०-३०२४ या सरकारी मोफत क्रमांकावर तो स्वतः नोंदवता येतो.

२२ प्रतिज्ञा घेतलेल्या घराने अंगारा नाकारलाच पाहिजे. त्याच घराने कलम २२ पुढे करून डॉक्टरांना प्रश्नही विचारला पाहिजे. पुढच्या वेळी आईला एकटीला ओपीडीत पाठवू नका. शिकलेल्या पोरांनो, सोबत जा.

जय भीम!