लग्न नाही, पण फाइल मात्र जाडजूड



हा विषय आता आपल्या बऱ्याच घरांत येऊन बसलाय, पण चारचौघांत कुणी काढत नाही. म्हणून मीच लिहितो.

माझी नात, म्हणजे लेकीची मुलगी, मेलबर्नला असते. तिथली कायम रहिवासी आहे. तिचा जोडीदार ब्राझीलचा, शिकायला आलेला. दोघं दीड वर्षापासून एकत्र राहतात. लग्न केलेलं नाही आणि इतक्यात करायचा विचारही नाही. त्याचा स्टुडंट व्हिसा संपत आला तेव्हा नातीचा इंदूरला फोन आला, "आजोबा, आमच्या नात्याबद्दल एक पत्र लिहून द्याल का? अर्जाला जोडायचंय."

घरात लगेच दोन तट पडले. लेक म्हणाली, "त्यापेक्षा लग्न करा, सर्टिफिकेट लावा आणि मोकळे व्हा." आमची ही म्हणाली, "तुम्ही लिहून दिलंत म्हणजे घराचा शिक्काच बसला की!" मी बँकेत ३६ वर्षं काढली. वाचल्याशिवाय सही करायची नाही ही सवय रिटायर होऊनही गेलेली नाही. नातीला म्हटलं, "आधी नियम पाठव. मग बघू."

नियम वाचले आणि खरं सांगतो, लोन डिपार्टमेंटची आठवण झाली. ऑस्ट्रेलियात लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या जोडप्याला 'डी फॅक्टो' म्हणतात. अर्जाच्या आधी निदान १२ महिने असं नातं असावं लागतं. व्हिक्टोरियासारख्या राज्यात नात्याची सरकारी नोंद करता येते, ती असली तर १२ महिन्यांची अट सुटते. पुरावा चार बाबींचा लागतो : पैशांचे व्यवहार, घर चालवणं, समाजातली ओळख आणि एकमेकांशी बांधिलकी. म्हणजे जॉइंट खातं, दोघांच्या नावाचा भाडेकरार, विजेचं बिल, प्रवासाची तिकिटं, नातेवाइकांबरोबरचे फोटो. शिवाय त्यांना ओळखणारे तिथले दोन नागरिक किंवा कायम रहिवासी फॉर्म ८८८ भरून देतात. घरच्यांची पत्रं जोडली तर ती समाजातल्या ओळखीचा पुरावा म्हणून धरतात. अर्जाची फी नऊ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर, आपल्या हिशेबाने पाच लाखांच्या आसपास. आधी तात्पुरता व्हिसा आणि साधारण दोन वर्षांनी पुन्हा तपासणी होऊन कायमचा.

आता लेकीच्या मुद्द्याकडे येतो. लग्न केलं म्हणून ही फाइल पातळ होत नाही. विवाहित जोडप्यालाही याच चार बाबींचा पुरावा द्यावा लागतो, फक्त १२ महिन्यांची अट लागत नाही. नुसतं सर्टिफिकेट म्हणजे तारणाशिवायचा कर्जाचा अर्ज, साहेब तेवढ्यावर सही करत नाही.

सगळीकडे हेच नियम आहेत असं मात्र समजू नका. कॅनडात १२ महिने सलग एकत्र राहिल्याचा पुरावा लागतो, आणि जो बोलावतो तो जोडीदाराच्या खर्चाची तीन वर्षांची हमी देतो, आपल्या जामीनदारासारखी. ब्रिटनमध्ये लग्नासारखं नातं निदान दोन वर्षांचं लागतं. २०२४ च्या एप्रिलपासून नव्या अर्जांना वार्षिक २९,००० पौंड उत्पन्नाची अटही आली. नेदरलँड्स लग्नाशिवायचा जोडीदार मानतं, पण दोघांची वयं २१ पूर्ण हवीत आणि बोलावणाऱ्याचं उत्पन्न पुरेसं हवं. जर्मनीत लग्नाशिवाय कुटुंबाचा व्हिसा सहसा मिळत नाही. अमेरिकेत नागरिकाला आपल्या वाग्दत्त जोडीदाराला बोलावता येतं, पण आल्यावर ९० दिवसांत लग्न करावं लागतं. आणि आपल्याकडे? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात 'विवाहसदृश' नात्यातल्या बाईला संरक्षण आहे, पण परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड हवं तर नोंदलेलं लग्न हवं आणि तेही दोन वर्षं टिकलेलं.

आम्हा इंदूरकरांना परदेशी जोडीदाराची गोष्ट नवी नाही. तुकोजीराव होळकरांनी १९२८ साली नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं. त्यासाठी आधी तिचं शुद्धीकरण झालं, ती शर्मिष्ठादेवी झाली, आणि मग विधी. तेव्हा कागद समाजाला दाखवावे लागत होते, आता सरकारला. दाखवायचं काम काही सुटलेलं नाही.

नातीला मी एकच प्रश्न विचारला, "तुम्ही लग्न का करत नाही?" ती म्हणाली, "आजोबा, करायचं तेव्हा करू. पण व्हिसासाठी केलं असं नको. आई म्हणते तसं केलं, तर आम्हालाच आयुष्यभर वाटत राहील की ते कागदासाठी होतं." मी गप्प झालो. आम्हाला वाटत होतं की या पोरांना लग्नाची किंमत नाही. इथे तर ती किंमत आमच्यापेक्षा जास्त धरून बसली होती!

मग पत्र लिहिलं. कोरडं, बँकेच्या रिपोर्टसारखं, आणि जे स्वतः पाहिलं तेवढंच. दिवाळीला दोघं आठ दिवस आमच्याकडे होते. त्याने हिला स्वयंपाकघरात मदत केली, सराफ्यात रात्री बाराला गराडू खाल्ला, नात्यातल्या साठेक माणसांना 'नमस्कार' केला. नातीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा तिथून रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावून, तोडक्यामोडक्या इंग्रजीत, तो आम्हाला तिची तब्येत सांगत होता. "यांचं पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही, पण आज हे एक घर आहे असं मी पाहिलं आहे," असं शेवटी लिहून सही केली. हिने वाचलं आणि म्हणाली, "तो भांडी घासतो, तेही घाला की!" घातलं. लेक अजून नाराज आहे. तिचंही चुकत नाही, आईचं मन आहे.

अर्ज गेलाय, निकाल यायचाय. तोवर त्याला ब्रिजिंग व्हिसावर तिथे राहता येतं.

तुमच्या घरात असं काही असेल तर दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. मुलांना म्हणावं, पहिल्या दिवसापासून कागद जपा. बिलं, करार, तिकिटं, सगळं तारीखवार लावा. मागाहून जमवलेली फाइल लगेच ओळखू येते, हे मी टेबलाच्या पलीकडे बसून पाहिलंय. आणि नियम व फी दरवर्षी बदलतात, तेव्हा त्या त्या सरकारच्या अधिकृत माहितीवरच भरवसा ठेवा, एजंटच्या तोंडी शब्दावर नको.

पत्र द्यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण मुलांनी मागितलं तर आधी त्यांच्या घरी चार दिवस राहून या, नाहीतर त्यांना आपल्याकडे बोलवा. मग सही करायला हात अडखळत नाही.