मोर्डोर दर्यापूरच्या वाटेवर

वीर पटापट जमले. अडलं ते अंधारापाशी.

अकोल्यातला मे महिना. पारा पंचेचाळीसला टेकला की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. माझी भाची, तिच्या मैत्रिणी आणि शेजारी खोली घेऊन राहणारी क्लासची पोरं, असा सगळा गोतावळा आमच्या कूलरसमोर येऊन पडायचा. (अकोल्यात ‘क्लास’ म्हटलं की नीटचा, हे वेगळं सांगावं लागत नाही. अख्ख्या वऱ्हाडातून मुलं त्यासाठी येतात.) त्यांच्या हातातले मोबाइल हिसकण्यापेक्षा काही वाचून दाखवावं म्हणून मी मराठीत आलेलं ‘स्वामी मुद्रिकांचा’ काढलं. टॉल्किनची मूळ कादंबरी १९५४-५५ची. नऊ जण, एक अंगठी, आणि ती वितळवायला शत्रूच्याच मुलखात, मोर्डोरच्या ज्वालामुखीपर्यंत पायपीट. एल्फ आणि बुटका जन्मात एकमेकांचं तोंड पाहणार नाहीत, ते एका वाटेला लागतात, हे पोरांना भलतंच आवडलं. नवांतल्याच बोरोमीरची नियत फिरते त्या पानावर एकजण उठून गच्चीवर निघून गेली, भर उन्हात.

पुस्तक संपायच्या आत फर्मान निघालं : मावशी, आता आपली लिहायची.

जमायची जागा ठरायला वेळ लागला नाही. अकोट तालुक्यातला नरनाळा किल्ला. सातपुड्याच्या टोकावर, आजूबाजूला जंगल, आणि बहमनी काळातला तो कोरीव महाकाली दरवाजा. असल्या दरवाज्यासमोर वीरांनी जमायचं नाही तर काय पर्यटकांनी? तिथल्या नऊगजी तोफेचा वारसदार एक झाला. अचलपूरची तिरंदाज झाली, मेळघाटातला जनावरांची बोली कळणारा पोरगा झाला. भाचीनं कौंडण्यपुराहून एक राजकन्या आणली. तिचं म्हणणं, रुक्मिणीनं स्वतः निरोप धाडून आपलं लग्न ठरवलं, तिच्या गावच्या पोरीला कुणी ‘वाचवायची’ गरज नाही. बरोबरच होतं.

मग मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर वऱ्हाडचा नकाशा काढला. वर सातपुडा, खाली अजिंठ्याची रांग, मधून पूर्णा. आता मोर्डोर कुठे?

एका मुलानं पूर्णेच्या दोन्ही काठांवर पेन्सिलीनं काळं फासलं. खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा असा तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला, जवळपास ४,७०० चौरस किलोमीटरचा. विहीर खोदली तरी पाणी खारट, झाडं विरळ, उन्हाळ्यात काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. खरं सांगायचं तर मलाही ते चपखल वाटलं. कादंबरीला यापेक्षा तयार देखावा कुठून मिळणार?

“तथी माह्यं घर हाये,” दर्यापूरकडची मुलगी म्हणाली. “माही आजी का राक्षसीन हाये?”

पेन्सिल वर सरकली, मेळघाटात. तिथे दरी आहे, धुकं आहे, शिवाय भीमानं कीचकाला मारून ढकलल्याची कथा चिखलदऱ्याच्या नावालाच चिकटलेली. खलनायकाची सोय आयतीच. पण चिखलदरा तालुक्यातून आलेला एक कोरकू मुलगा होता, एरवी तोंड न उघडणारा. तो म्हणाला, “आमच्याकडं मेघनाथाची जत्रा असते.” होळीच्या दिवसांत काटकुंभला, जारिद्याला, खांब उभारून. बाकीच्यांना क्षणभर कळेना. रावणाचा मुलगा? हो, तोच. त्यावर दुसऱ्या एकीला आठवलं की अकोला जिल्ह्यातच सांगोळ्याला रावणाची दहा तोंडांची दगडी मूर्ती आहे आणि दसऱ्याला सगळीकडे जाळतात तेव्हा तिथे त्याची पूजा होते.

कूलरमधलं पाणी संपलं होतं, तरी भरायला कुणी उठेना.

मी पुस्तकाचा दुसरा भाग पुन्हा उघडला. नवांतल्या सॅमच्या पायाशी शत्रूच्या फौजेतला एक दक्षिणेकडचा सैनिक मरून पडतो. सॅमच्या मनात येतं, याचं नाव काय असेल, हा खरंच दुष्ट होता की कुणी खोटंनाटं सांगून, धमकावून त्याला घरापासून इतक्या लांब आणलं. टॉल्किन पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, सोमच्या खंदकांत लढलेला माणूस. अशी प्रेतं त्यानं पाहिलेली असणार. पण तो विचार तेवढ्यावरच राहतो. हत्ती येतो आणि सगळे हत्ती बघायला लागतात. शत्रूच्या फौजेतल्या ऑर्कांना तर पुस्तकभर घर नाही, आजी नाही. मला टॉल्किन फार आवडतो, तरी ही त्याची पळवाट वाटते. वीर एकत्र आणणं सोपं असतं, कारण त्यांना गाव द्यायला लेखक उत्सुक असतो. अंधाराला गाव दिलं की तिथला माणूस समोर येऊन बसतो, आमच्याकडे तर सतरंजीवरच बसलेला होता.

तोफवाल्यानं तोडगा काढला : मोर्डोर परदेशात ठेवू. सगळ्यांनी त्याला हसून घेतलं.

नकाशावर पेन्सिल, खोडरबर, पुन्हा पेन्सिल. बाळापूर, मूर्तिजापूर, तेल्हारा, कुणाचा ना कुणाचा मामा सगळीकडे. शेवटी दर्यापूरवालीनं वही आपल्याकडे ओढली. तिचा बाप हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री जातो, कारण त्यांच्या फीडरला पाळीत वीज रात्रीची येते. हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, बांधावर साप. तिनं लिहिलं की अंधार कुठे राहत नाही, तो वेळापत्रकानं येतो. भाचीला हे पटलं नाही. खलनायकाला काळा झगा हवाच, असं ती अजून म्हणते, आणि मोर्डोर खारपाणपट्ट्यातच राहावं यावर तोफवाला अजून अडून आहे.

तेव्हा मोर्डोर तिथेच राहिलं, पण लिहायचं दर्यापूरवालीनं. क्लास पुन्हा सुरू झालेत, वही रविवारी फिरते. ताज्या प्रकरणात नऊ वीर शत्रूच्या मुलखात शिरतात आणि पहिल्याच घरात आजी भेटते. ती त्यांना विहिरीचं पाणी पिऊ देत नाही. शहानूर धरणाच्या नळाचं, हंड्यात साठवलेलं देते, आणि नळ कालच येऊन गेला, आंघोळीला मागू नका, असं तिरंदाजाला बजावते.